आई आवाज बंद करते तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट आहे. त्या दिवशी हळदीचे सौदे लांबले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या लिहून हातावेगळ्या करेपर्यंत साडेसात वाजून गेले. गावभागात घरापाशी गाडी लावली तेव्हा आमच्या खिडकीतून मालिकेचा आवाज बोळात येत होता, रोजच्यासारखाच. एक बाई ठसक्यात काहीतरी विचारत होती, मागं ते नेहमीचं धाडधाड संगीत. मी दार ढकललं, उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि आवाज थांबला. आई खाटेवर बसलेली, हातात रिमोट, अंगठा अजून बटणावर. पडद्यावर एक मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. समोर सोफ्यावर चार माणसं, त्यातल्या जरीच्या साडीतल्या बाईचे ओठ हलत होते. मुलीनं मान खाली घातली. कॅमेरा तीनदा तिच्या चेहऱ्यावर गेला, तीनदा त्या बाईच्या. सगळं मुकं. आई म्हणाली, "आलीस? जाहिरात लागलीय. चहा टाकते, थांब."

जाहिरात लागली नव्हती.

मी काही बोलले नाही. हातपाय धुतले, ओढणीवरची हळद झटकली, चहा घेतला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती मुकी मुलगी डोळ्यांपुढून हलेना. मी अडतीस वर्षांची आहे, माझं लग्न झालेलं नाही. आईनं आवाज माझ्यासाठी बंद केला हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. मला वाईट नेमकं कशाचं वाटतंय, ते मात्र कळत नव्हतं. अजून मला त्या ट्रेपासून जपावं लागतं असं आईला वाटतं याचं, की तिनं जपलं तेव्हा मला बरं वाटलं याचं?

आमच्या घरात मालिकांवर घड्याळ चालतं. सातला कुकर लावायचा, साडेसातच्या मालिकेच्या पहिल्या जाहिरातीत शिट्ट्या मोजायच्या, आठच्या मालिकेआधी कणीक मळून झाकून ठेवायची. वरच्या मजल्यावरच्या काकू निवडायची भाजी ताटात घेऊन खाली येतात आणि दोघी मिळून बघतात. हे फार वर्षांचं आहे. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झालं आणि 'आभाळमाया' लागली तेव्हा मी सातवीत होते. त्यातली सुधा जोशी प्राध्यापक होती, सुकन्या कुलकर्णी ते काम करायची. तिच्या संसारातही दुःख होतं, नवऱ्यानंच दिलेलं. पण तिच्या खांद्याला पर्स होती, तिला कॉलेजात जायचं असायचं. तिचं शहाणपण तिच्या कामातून आलेलं आहे असं बघताना वाटायचं. आई तिच्यासारखी साडीची पिन लावायला शिकली. अण्णासुद्धा जेवणाचं ताट घेऊन खुर्ची ओढून बसायचे. 'पोरगी अशी झाली पाहिजे,' असं ते एकदा म्हणाल्याचं मला आठवतं. ते सुधाच्या संसाराबद्दल बोलत नव्हते, तिच्या शिकवण्याबद्दल बोलत होते, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

मग मध्ये काय झालं कुणास ठाऊक. मालिकांच्या नावातच सून, सासू, नांदणं, नवरा, बायको आलं. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली आणि जान्हवीच्या गळ्यातलं मंगळसूत्र एवढं गाजलं की सराफ कट्ट्यावर बायका त्याच नावानं मागायला लागल्या. मी त्या वर्षी सव्वीस वर्षांची होते. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमांचं ते ऐन वर्ष. घरात संध्याकाळी जान्हवीला एक नाही, सहा सासवा जीव लावायच्या, आणि रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत कुणीतरी अनोळखी बाई मला नखापासून डोक्यापर्यंत बघून जायची. त्या दोन्ही गोष्टी आई एकाच खोलीत, त्याच खाटेवर बसून बघत होती. तिच्या मनात त्यांचा मेळ कसा बसत होता, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

बायोडाटा टाईप करायला आम्ही दोघी एसटी स्टँडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात गेलो होतो. वर गणपतीचं चित्र, खाली रकाने. टाईप करणारा पोरगा विशीतला असेल. नाव, जन्मवेळ, रास, गोत्र, उंची असं तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. मग त्यानं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "रंग काय टाकू ताई?" मी सावळी आहे. अण्णांचा रंग आहे माझा. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "निमगोरा टाका." त्यानं टाकला. टकटक टकटक, चार अक्षरं, 'निमगोरी'. त्याच्यासाठी तो रोजचा शब्द होता. प्रिंट निघाली, कागद अजून गरम होता, आणि मी तो हातात धरून बाहेर आले. उन्हात उभं राहून वाचलं तर त्या कागदावरची मुलगी मला ओळखीची वाटेना. आई मात्र कागदाची घडी घालताना समाधानात होती. लेकीसाठी एक काम नीट केलं, असा तिचा चेहरा.

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण घाई करणाऱ्याला सांगायची असते. आमच्याकडं आजीनं ती शब्दशः घेतली होती. आंबेहळद, साय, मसुराचं पीठ. दर शनिवारी दुपारी परड्यात बसवून माझ्या हातापायांना चोळायची. हळद माझ्या वाट्याला अशी लहानपणापासून आली आहे, आणि पोटही तिच्यावरच चालतं.

सौद्याला बसणं माझं काम नाही, पण दुकानाच्या गादीवरून सगळं दिसतं. शेतकऱ्यानं हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली असते. बारदान फोडून ढीग ओततात. व्यापारी येतात, वाकतात, ढिगाच्या पोटात हात घालून खालचं हळकुंड काढतात, कारण वरचं चांगलंच असणार हे त्यांना ठाऊक असतं. मग दोन्ही अंगठे लावून ते मोडतात. चांगलं वाळलेलं असेल तर टणकन आवाज येतो. आतला गाभा उजेडाकडं धरतात. बाहेरून मातकट दिसणारं हळकुंड आत असं केशरी निघतं की बघत राहावं. कधी वरून झळाळणारा माल आत फिका निघतो आणि व्यापारी न बोलता पुढच्या ढिगाकडं जातो. शेतकरी तिथंच उभा असतो. त्याच्या तोंडाकडं मला बघवत नाही. अण्णा असेच उभे राहायचे आमच्या दारात, पाहुण्यांना निरोप देताना, 'कळवा मग' म्हणत. माल निदान मोडून तरी बघतात. मला मोडून, आत काय आहे ते बघायची कुणाला गरज वाटली नव्हती. अकरा घरची माणसं आली होती, आणि 'तुला काय आवडतं' हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही.

मालिका ते विचारतात, असं मला काही वर्षं खरंच वाटलं होतं. २०१९ साली 'रंग माझा वेगळा' लागली. सावळ्या दीपाची गोष्ट. नाव ऐकूनच मी आईला म्हटलं होतं, ही मी बघणार. दीपाचं काम करणारी रेश्मा शिंदे मुळात गोरी. तिला रोज मेकअपनं सावळं करायचे. हे कळलं त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. म्हणजे सावळ्या मुलीची व्यथा सांगायलाही सावळी मुलगी चालली नाही? एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात? आणि तरी मी ती बघत राहिले, कारण दीपाला सासू रंगावरून बोलायची तेव्हा माझ्या घशात खरोखरचं काहीतरी अडकायचं. पुढं लतिका आली, स्वीटू आली, अंगानं भरलेल्या मुली. त्या दोघींचं काम करणाऱ्या मुली तशाच होत्या, हे मला फार आवडलं. आईलाही. स्वीटू आनंदानं खायची ते बघून आई हसायची.

पण या सगळ्या जणींत एक गोष्ट सारखी होती. सावळी असेल, जाड असेल, चष्मा असेल, गरीब असेल, तर ती सोन्याच्या मनाची असायलाच हवी. ती सगळ्यांचं करते. अपमान करणाऱ्या बाईला ताप आला तर रात्रभर कपाळावर घड्या ठेवते. रंगाची उणीव तिनं चांगुलपणानं भरून काढायची, आणि भरून निघाली की नाही हे ठरवायला एक देखणा, श्रीमंत मुलगा येणार. तो 'हीच' म्हणाला की तिची किंमत ठरली. मी मनानं एवढी चांगली नाही. मला राग येतो, मी उलट बोलते, आजारी माणसाचं करताना कंटाळते. मग माझ्या सावळेपणाची भरपाई कशानं व्हायची? गोऱ्या मुलीला हा प्रश्नच पडत नाही. तिनं मनानं कसंही असावं.

यात लिहिणाऱ्या लोकांचा सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. मालिका आठवड्याचे सहा दिवस चालवायची, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार, आणि शूटिंग बहुतेक एकाच घरात. मुंबई-ठाण्याकडच्या स्टुडिओत उभारलेला तो मोठा दिवाणखाना, तो जिना, ते देवघर. सगळी गोष्ट त्या घरात घडणार. मग नायिकेला त्या घरात आणायचं तर कुठल्या दारानं आणणार? माप ओलांडूनच. म्हणून मेंदी चार दिवस, हळद चार दिवस, रविवारी लग्नाचा दोन तासांचा भाग. लग्न न झालेली बाई त्या घरात येते ती एक तर कट करणारी असते किंवा कोपऱ्यात बसलेली आत्या. संध्याकाळी कामावरून आली, चहा प्यायली, आईशी दोन शब्द बोलली, पुस्तक वाचून झोपली, अशी अडतीस वर्षांची बाई मी कुठल्याच मालिकेत बघितलेली नाही. अशी माणसं सांगलीत गल्लोगल्ली आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही विश्रामबागला मामाकडं गेलो होतो. दोन खोल्यांत चौदा माणसं. वीज नाही, दूध नाही, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं एवढाच ज्याच्या त्याच्या तोंडी विषय. आमच्या घरात छातीएवढं पाणी असणार हे माहीत होतं. अण्णा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्यांचे फोटो, त्यांचा कोट, सगळं खाली राहिलेलं. तिसऱ्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात आम्ही बायका तांदूळ निवडत बसलो होतो. मामींची बहीण माझ्याकडं बघून आईला म्हणाली, "हिचं अजून नाहीच का जमलं?" बाहेर अंधारात बोटीचा आवाज येत होता. आई तांदूळ निवडत राहिली. मी उठून गच्चीत गेले आणि खूप रडले, घरासाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

आता ती अरुंधतीची गोष्ट. पूर ओसरला, भिंती वाळल्या, नवा टीव्ही आला आणि त्याच डिसेंबरात 'आई कुठे काय करते' सुरू झाली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमाराला अरुंधतीला नवऱ्याचं दुसरं नातं कळतं, ते भाग आईनं श्वास रोखून बघितले. पुढं तिनं घटस्फोट घेतला, गाणं धरलं, स्वतःच्या पायावर उभी राहिली. आई आणि काकू दोघी त्या दिवसांत ताठ बसायच्या, मला आठवतंय. मग आशुतोष आला, चांगला माणूस, कॉलेजातला मित्र. दोघांचं लग्न ठरलं. मी म्हटलं, आता आई खूश होईल. आई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आत्ता कुठं मोकळी झाली होती बाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ही तीच आई, जी त्याच आठवड्यात मिरजेच्या एका विधुराचं स्थळ माझ्यासाठी घेऊन आली होती.

श्रावणातल्या एका सोमवारी अर्धी सुट्टी टाकून मी आईला आणि काकूंना हरिपूरला घेऊन गेले. संगमेश्वराला गर्दी होती, वारणा-कृष्णेच्या संगमावर पाणी गढूळ लाल. हरिपूर म्हणजे आमच्या हळदीचं जुनं कोठार. जमिनीखाली पेवं खणून त्यात वर्षानुवर्षं हळद ठेवायचे. नाटककार गोविंद बल्लाळ देवलही हरिपूरचेच. त्यांचं 'शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ साली. पैशासाठी बापानं पोरगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला काढली, त्याचं नाटक. त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाहाला बंदी घालणारा कायदा आला. तो हरबिलास सारडांचा, पण आपली माणसं त्याला शारदा कायदाच म्हणत राहिली, इतकी ती मुलगी लोकांच्या मनात बसली होती. सांगलीची रंगभूमी तर सुरूच झाली ती १८४३ साली, ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'नं. म्हणजे आपण पहिल्यांदा पडदा उघडला तोही एका लग्नावर. देवलांनी एवढं धाडस केलं, तरी शारदा शेवटी जीव द्यायला निघते आणि नाटकाचा तरुण नायक कोदंड तिला वाचवून तिच्याशी लग्न करतो. मला देवलांबद्दल फार आदर आहे. पण पाण्याकडं बघत मी विचार करत होते, की कोदंड आलाच नसता आणि ती आपली आपण काठावरून मागं फिरली असती, तर ती कुठं गेली असती? तिच्यासाठी कुठलं दार उघडं होतं?

आई दर्शनाच्या रांगेत होती. काकू पायरीवर माझ्याशेजारी पाय पसरून बसल्या आणि मालिकेचं बोलायला लागल्या. मी सहज म्हटलं, मला तुमच्या मालिकेतलं काही ठाऊक नाही, मी आले की आई आवाज बंद करते. काकू म्हणाल्या, "तुझ्यामुळं व्हय? छे गं. पोरगी बघायला माणसं आली की ती आवाज बंदच करते. तू असलीस काय, नसलीस काय. बरीच वर्षं झाली की. मी आपली तोंडं बघून ओळखते."

रात्री मी आईला विचारलं. ती देवापुढची वात नीट करत होती, पाठमोरी. बराच वेळ काही बोलली नाही. मग तशीच पाठमोरी सांगायला लागली. त्र्याऐंशी सालचं. तासगावला आजोळच्या वाड्यात तिला बघायला माणसं आली होती. चालून दाखवायला लावलं. सुईत दोरा ओवायला दिला. वेणी सोडायला सांगितली, गंगावन लावलंय की काय बघायला. हे सगळं तेव्हा रीतीचं होतं, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पाहुणे उठले, आई आत आली, दाराआड उभी राहिली. सोप्यातून जाता जाता ती मुलाची आई कुणाला तरी म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो. उजेडात आणल्यावर कळलं."

"एवढंच," आई म्हणाली. "पुढं तुझ्या आजोबांनी तीन महिने पोस्टाची वाट बघितली. मग अण्णांचं स्थळ आलं, झालं सगळं. त्या बाईचं तोंडसुद्धा आठवत नाही मला. आवाज मात्र तेवढा डोक्यात बसलाय बघ. त्यातल्या सगळ्या बायका तिच्याच आवाजात बोलतात."

मला त्या डीटीपीच्या दुकानातली आई आठवली. 'निमगोरा टाका' म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एक दिवस लवकर घरी आले. कुकर गॅसवर होता, काकूंच्या ताटात अर्धी निवडलेली मेथी. मी आईशेजारी खाटेवर बसले. मालिका दुसरी होती, सोफा तसाच, ट्रे तसाच. आईनं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. ती मुलगी खाली मान घालून दिवाणखान्याच्या मधोमध आली, समोरच्या बाईचे ओठ हलायला लागले. आम्ही तिघी बघत होतो. मेथीचा हिरवा वास, कुकरची फुसफुस. आई पुढं झुकली, आणि त्या पडद्यातल्या मुलीला हळूच, लेकीला सांगावं तसं म्हणाली, "ठेव की तो ट्रे खाली. बस तूपण."